भोंग्यातली गिटार

आमच्या गायन पार्टीत एक इलेक्ट्रिक गिटार आहे, हे माजलगावपासून परळीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ती ऐकलेली मात्र कुणीच नव्हती.

ती साधी गिटार नव्हती, बेस गिटार होती. चार जाड तारा, लांबलचक मान आणि छातीत घुमणारा खालचा आवाज. पण त्या काळी आमच्या भागात जयंती असो की लग्न, आवाजाला भोंगेच लागायचे. पत्र्याचे कर्णे, बांबूला बांधलेले. भोंग्यातून गाणाऱ्याचा गळा चार शेतं ओलांडून जातो, पण खालचा सूर त्यातून बाहेरच पडत नाही. त्यामुळे ती वाजवणारे आमचे अण्णा गिटार गळ्यात अडकवून, डोळे मिटून तीन-तीन तास वाजवायचे आणि समोरच्यांच्या कानावर त्यातलं काही म्हणजे काही पडायचं नाही. नेकनूरच्या एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्यानं त्यांना सरळ विचारलं होतं, "पावनं, तुमी निस्तं ते धरून कावून हुबा हाव?"

अण्णा म्हणाले, "तुमाला आयकू येत न्हाई म्हणून ते वाजत न्हाई, आसं कुठं हाय?"

चुलता जेवायला निघून गेला. अण्णा पुढचं गाणं वाजवायला लागले.

अण्णा आमच्या सहकारी साखर कारखान्याचे स्टोअरकीपर. मी तिथल्याच लॅबमध्ये, उसाचा रस तपासायला. वयानं ते पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मला 'केमिष्ट' म्हणायचे, आणि रागात असले की 'बे केमिष्ट'. पार्टीत मी पेटी वाजवायचो, आणि कार्यक्रमात माझी बैठक नेमकी त्यांच्या डाव्या पायाशी असायची.

बसणं हा प्रकार या माणसाला ठाऊकच नव्हता. स्टोअरमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची होती, तिच्यावर फायली बसायच्या. हे आपले रॅकमधून फिरतायत, पाइपवर टकटक करतायत, डिझेलच्या पिंपावर बोटाचं पेर आपटून आत किती उरलंय ते सांगतायत. टकटक केल्याशिवाय त्यांनी कुठलीच वस्तू आत घेतली नाही. बेअरिंग आलं की टेबलावर टिचकी मारून कानाशी न्यायचे आणि त्याचा नाद कुठवर टिकतो ते ऐकत राहायचे. टरबूज, मडकी, खाटेचे पाय, दारं, सगळ्यांची हीच परीक्षा. माझ्या लग्नात रुखवतातल्या हंड्यावर टिचकी मारून त्यांनी माझ्या सासऱ्यादेखत "जरा हलकाय" असा निकाल दिला होता. सासरे ते मरेपर्यंत विसरले नाहीत.

दुसरं वेड कोटेशनचं. कारखान्याचा नियम असा की काहीही घ्यायचं तर तीन दुकानांचे भाव मागवायचे, तक्ता करायचा आणि सर्वांत कमी भाव मंजूर करायचा. अण्णांनी हा नियम घरीही नेला. थोरल्या मुलीला तीन स्थळं आली तेव्हा या गृहस्थानं आखीव कागदावर तक्ता केला होता. स्थळ एक, स्थळ दोन, स्थळ तीन. शेती, नोकरी, उंची, सासूचा स्वभाव. वहिनींनी तो कागद चुलीत घातला आणि म्हणाल्या, "पोरगी हाय का पट्टा हाय गिरणीचा?"

गंमत अशी की ज्या नियमावर ते आयुष्य काढत होते, त्याच्यावर त्यांचा मनातून दात होता. कमी भावाचं बेअरिंग महिनाभरात जायचं, गिरणी थांबायची, उसाच्या गाड्या फाटकाबाहेर वाळत उभ्या राहायच्या. मग ते चिडून म्हणायचे, "हलकी वस्तू म्हंजे दोनदा घेतलेली वस्तू. एकदा दुकानात, एकदा डोक्याला हात लावून." अध्यक्षांनाही त्यांनी हे ऐकवलं होतं. अध्यक्ष हसले आणि सर्वांत कमी भावावर सही करून मोकळे झाले.

गिटारीचा नाद लागला तो कारखान्याच्या एका स्नेहसंमेलनात. पुण्याहून ऑर्केस्ट्रा आला होता, त्यांच्याबरोबर बेसच्या स्पीकरचा मोठा लाकडी खोका होता. अण्णा त्या खोक्यापाशी उभे राहिले ते कार्यक्रम संपेपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "केमिष्ट, बरगड्यात शिरलं बे ते. आजून निघंना." पुढे परळीतला एक ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा त्यांची मान तडकलेली बेस यांनी उचलून आणली. सरस लावून, स्टोअरमधल्या शिकंज्यात दाबून मान सरळ केली. शिकवायला कुणी नव्हतं. स्वतःच शिकले, आणि अकरा वर्षं वाजवली.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल.

अण्णांचं वाजवणं चुकत होतं. सूर बरोबर असायचे, पण ठोका चुकायचा. ढोलकीची सम येऊन जायची आणि मग अण्णांची तार हलायची. प्रत्येक वेळी, प्रत्येक गाण्यात. गिटारीचा आवाज भोंग्यातून जात नसला तरी तारेचा टकटक आवाज हातभर अंतरावर येतो, आणि त्या अंतरावर फक्त मी होतो. मला वाटतं, आयुष्यभर वस्तूवर टिचकी मारून तिचा नाद कुठवर टिकतो हेच ऐकल्यामुळे त्यांचं सगळं ध्यान सुराच्या शेवटाकडे असायचं. आधीचा सूर विझेपर्यंत ते थांबायचे आणि मग पुढचा छेडायचे. तालमीला आमच्याकडे एक जुना रेडिओ होता, गिटारीची वायर त्यात खुपसायचो. त्याचा स्पीकर बशीएवढा. त्यातही काही कळायचं नाही.

मी बोललो नाही. पहिल्या वर्षी वाटलं, सुधारतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता कसं सांगायचं? तिसऱ्या वर्षानंतर मी स्वतःशी म्हणायला लागलो की कुणाला ऐकू येतंय? माणूस खूश आहे, कुणाचं काही बिघडत नाही.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. धरणात तळाचा गाळ उघडा पडला, ऊस वाळून जळणाला गेला आणि आमच्या कारखान्याचा हंगाम सुरू होतोय न होतोय तोच बंद झाला. कामगार निम्म्या पगारावर घरी. त्या कोरड्या उन्हानं अण्णांच्या गिटारीचा सरस सुटला. एका दुपारी भिंतीला टेकून ठेवलेली मान फटकन आवाज करून उभी चिरली. वहिनी सांगायच्या, तो आवाज ऐकून ते आतल्या खोलीतून धावत आले ते घरातलं कुणीतरी पडलं असं समजून.

पार्टीच्या डब्यात कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांमधून बाजूला ठेवलेला पैसा होता. तो नव्या गिटारीसाठीच होता, यावर कुणाचं दुमत नव्हतं. जयंतीला दोन महिने होते. प्रश्न एवढाच होता की घ्यायची कुठली.

त्या दोन महिन्यांत अण्णांनी आम्हाला वेड लावलं. परळीहून रेल्वेनं हैदराबादला जायचं, वाद्यांच्या दुकानात दिवस काढायचा आणि परत यायचं, असं त्यांनी तीनदा केलं. एक गिटार देशी होती, लाल चकचकीत, प्लायवूडची, हातात धरली तर खेळण्यासारखी हलकी. दुसरी जपानी. तपकिरी, अखंड लाकडाची, खांद्याला ओढ बसेल एवढी जड, आणि किंमत पहिलीच्या तिप्पट. त्यांनी तक्ता केला होताच. लालच्या मानेवरच्या पडद्यांच्या, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या, कडा बोटाला टोचतात. जपानीच्या मऊ. लालच्या खुंट्या ढिल्या, सूर उतरतो. जपानीच्या घट्ट. सगळ्यात जाडी तार छेडून त्यांनी घड्याळ लावलं होतं. लालचा सूर सात सेकंदांत मरतो, जपानीचा एकोणीस.

"एकुनीस!" कंपाउंडच्या भिंतीला लागून येरझाऱ्या घालत ते मला सांगत होते. "तवर मानूस पानी पिऊन येईल बे."

"मग जपानी घ्या, अण्णा."

"आन् लोक काय म्हनतील? हंगाम बंद, पगार अर्धा, आन् ह्येला जपानी पायजे."

"मग लाल घ्या."

"आन् जलमभर हलकंच घ्यायचं का आपन?" ते एकदम थांबले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. "आपल्या बापजाद्यायनं दुसऱ्याचं उतरलेलं घातलं. मी नोकरीत सगळ्यात कमी भावाचं घेतलं. एक वस्तू, केमिष्ट, एक तरी वस्तू आपल्या स्टेजवर आशी पायजे का नाही, जिच्यापुढं कुनाचीच वस्तू न्हाई?"

ते पुन्हा येरझाऱ्या घालायला लागले.

तिसऱ्या खेपेला दुकानदार कंटाळला असावा किंवा त्याला यांची दया आली असावी. पार्टीचा सगळा पैसा अनामत ठेवून घेऊन त्यानं दोन्ही गिटारी आठ दिवसांसाठी दिल्या. "दोनों ले जाव मियाँ, लोगां को दिखाव. एक वापस लाव." दोन खांद्यांना दोन गिटारी अडकवून अण्णा परळीला उतरले आणि तसेच एस.टी.त उभ्यानं माजलगावला आले.

वस्तीत आले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. टँकरची पाळी होती, बायका विहारासमोरच्या पाण्याच्या टाकीपाशी घागरींची रांग लावून बसल्या होत्या. चौकोनी पत्र्याची टाकी, आत थेंब नाही. अण्णा घरीसुद्धा गेले नाहीत. सवयीप्रमाणे टाकीवर टिचकी मारली, आणि तिच्या घुमण्यानं त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी लाल गिटारीचं टोक टाकीला टेकवून तार छेडली. ना वीज, ना भोंगा. रिकामी टाकी गुरगुरली आणि लगेच गप्प झाली. मग त्यांनी जपानी टेकवली.

टाकी बोलली. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. बायका उठून उभ्या राहिल्या. एकीनं पत्र्याला हात लावला, मग दुसरीनं. वहिनी रांगेत शेवटी होत्या. त्या आल्या, दोन्ही तळहात टाकीवर ठेवले आणि आवाज पूर्ण विझेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

"ह्ये वाजवत व्हता तुमी?" त्या म्हणाल्या. "येवडी वर्सं?"

"मंग?"

"मंग आमाला कावून आयकू आलं न्हाई?"

आम्हाला वाटलं, आता अण्णा काहीतरी ठसक्यात बोलतील. ते टाकीला टेकून उभे राहिले. टँकर आला, बायका घागरी घेऊन धावल्या, तरी हा माणूस तिथेच, दोन गिटारी घेऊन.

रविवारी विहारात बैठक बसली. पार्टीत पंधरा जण होतो. आमच्यात कुठलाही निर्णय मतानं व्हायचा, एका माणसाचं एक मत. गिटार वाजवणाऱ्याचं एक आणि टाळ वाजवणाऱ्याचंही एकच. आमचा मुख्य गायक, ज्याला सगळे शाहीर म्हणायचे, त्यानं लाल घ्यावी आणि उरलेला पैसा घरोघरी वाटावा असं सुचवलं. ते चूक नव्हतं. मग अण्णा उठले. त्यांच्या हातात तक्ता नव्हता.

"लालच घ्यायची," ते म्हणाले. "पर उरल्या पैशात बेसचा खोका घ्यायचा. तसा, पुण्याच्या ऑर्केस्ट्रानं आनलावता तसा. लोकायला आयकू आलं पायजे. घरचं मानूस आकरा वर्सं समोर बसलं, आन् तिला म्हाईत न्हाई मी काय वाजवतो."

मी उठलो आणि जपानीच्या बाजूनं बोललो. आयुष्यात एवढं चांगलं मी पुन्हा कधी बोललो नसेन. आपल्या स्टेजवर एक वस्तू अव्वल पाहिजे, बापजाद्यांनी उतरलेलं घातलं, सगळं अण्णांचंच बोलणं मी त्यांच्याविरुद्ध वापरलं. खोका पुढच्या वर्षी घेऊ, भोंगे आहेतच, असंही म्हणालो. पुढच्या वर्षी पुढच्या वर्षाचं बघता आलं असतं.

अण्णा माझ्याजवळ आले. त्यांना वाटलं, त्यांचं मन ओळखणारा मी एकटाच. त्यांनी माझा खांदा दाबला. "मला पायजे म्हनून मत देऊ नको, केमिष्ट," ते हळू आवाजात म्हणाले. "मला लई पायजे, खरंय. पर त्येचं काय करू मी? एकट्यानं आयकू?"

तेरा मतं खोक्याला पडली. शाहीर वाटणीच्या बाजूनं राहिला. जपानीला एकच मत पडलं, ते माझं.

जपानी परत करायला आणि खोका आणायला मी त्यांच्याबरोबर हैदराबादला गेलो. जाताना गाडीत मी सांगणार होतो. विकाराबादपर्यंत मनात वाक्यं जुळवली. पण अण्णा डब्याच्या दारात उभे, मग खिडकीशी, मग परत दारात, सारखं जपानीच्या पिशवीची चेन उघडून आत बघतायत. त्यांना सांगायला तोंड उघडावं तर ते म्हणायचे, "खोका स्टेजच्या कुठल्या अंगाला ठेवायचा रं? वहिनी तुझी डावीकडं बसती." दुकानात त्यांनी जपानीची जाडी तार शेवटची छेडली. या वेळी घड्याळाकडं बघितलं नाही.

"इत्ता दिल है तो कैकू छोड़ रहे मियाँ?" दुकानदारानं विचारलं.

"मेरे लोगां को सुनाना है," अण्णा म्हणाले.

जयंतीच्या दिवशी सकाळी वंदना झाली, मग मांडवात कार्यक्रम. पाणी नव्हतं तरी माणूस लोटला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. खोका डाव्या अंगाला, बायकांच्या बाजूला ठेवला होता. अण्णांनी एकदाच तार छेडून बघितली, तसा मांडवाचा खांब थरथरला. लहान-मोठे सगळे हसले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी पदर सावरला आणि ताठ बसल्या. मी पेटीवर बोटं ठेवली.

गाणं सुरू झालं.

पहिल्याच समेला ढोलकी पडली, आणि तिच्या मागून, सगळ्यांना स्वच्छ ऐकू येईल असा, अण्णांचा सूर आला. दुसऱ्या समेलाही तसाच. ढोलकीवाला गोंधळला, त्याचा हात घसरला. शाहिरानं गाता गाता मागं वळून बघितलं. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. अण्णांनी डोळे उघडले. ते खोक्याकडं बघत होते, आणि पुन्हा एकदा त्यांनी तार छेडली, पुन्हा उशिरा. मग त्यांनी पंजा सपाट करून चारही तारा दाबून धरल्या. गाणं त्यांच्याशिवाय संपलं.

दुसरं गाणं सुरू झालं तरी ते वाजवेनात. खाली वाकले, माझ्या कानाशी आले.

"कवापासून?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. नवी गिटार आहे, हात बसला नाही, असं म्हणता आलं असतं.

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

"तुला म्हाईत व्हतं?"

मी मान हलवली. पेटी वाजवत होतो, डोळे वर करायची हिंमत नव्हती.

"खराब माल आला तर परत पाठवत्यात बे," अण्णा म्हणाले. "तू ठिवून कावून घेतला?"

त्यांच्यावर माया होती म्हणून गप्प बसलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. त्या क्षणी मला कळलं की मी त्यांना अकरा वर्षं मोडीत काढून ठेवलं होतं. सगळ्या जिल्ह्यात त्यांचं वाजवणं ऐकणारा मी एकटा, आणि मीच ते ऐकण्याच्या लायकीचं धरलं नव्हतं. लाज वाटली. अजून वाटते.

ते स्टेजवरून उतरून जातील असं मला वाटलं. ते उतरले नाहीत. तिसरं गाणं लागलं तेव्हा त्यांनी डावा पाय पुढं केला, गुडघा माझ्या पेटीला लागेपर्यंत. "दाब," एवढंच म्हणाले. मी भात्याचा हात सोडला. पेटीचा आवाज गेला, जाऊ दिला. समेला त्यांचा गुडघा दाबला. ते चुकले. पुन्हा दाबला. पुन्हा चुकले, पण थोडे कमी. सगळा मांडव बघत होता, एक पांढऱ्या केसांचा माणूस आणि त्याचा गुडघा धरून बसलेला पेटीवाला. कडवं संपता संपता माझा हात आणि त्यांची तार एका वेळी पडली. मांडवाचा खांब हलला. मी बायकांकडं बघितलं नाही, मला बघवलं नसतं.

त्यानंतर दीड महिना अण्णा माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. रस्त्यात दिसलो तर मान फिरवायचे. पण रोज संध्याकाळी पाच वाजता लाल गिटार घेऊन माझ्या दारात यायचे, मी दिलेल्या खुर्चीवर बसायचे आणि माझ्याकडं न बघता गुडघा पुढं करायचे.